बोंडअळीचे पंचांग

२०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी तुटून पडली, तेव्हा गावच्या पारावर आणि वर्तमानपत्रांत एकच शब्द होता : नवे संकट. बोंड बाहेरून हिरवेगार आणि ठणठणीत दिसायचे. फोडून पाहिले, की आत पांढऱ्या कापसाऐवजी काळपट कवडी आणि सरकीत मुक्कामाला बसलेली अळी. बीटी बियाणे आल्यापासून ज्यांनी दहा-बारा वर्षे बोंडअळीची चिंता सोडली होती, त्यांना ती नवी वाटणारच. पण या अळीचा जन्मदाखला पावणेदोनशे वर्षांचा आहे. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी १८५३ साली धावली. ही अळी त्याच्या दहाएक वर्षे आधीच शास्त्रज्ञांच्या दप्तरी जमा झाली होती.

ती गोष्ट भडोचची. मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता आणि तो हिंदुस्थानात पिकवावा अशी ईस्ट इंडिया कंपनीची खटपट चालली होती. त्यासाठी १८४० मध्ये काही मळेवाले थेट अमेरिकेहून आणले गेले. भडोचला सरकारी कापूस-मळा होता. १८४२ च्या सुमारास तिथल्या अधीक्षकाने बोंडे पोखरणाऱ्या एका अळीचे नमुने लंडनला धाडले. तिथे विल्यम विल्सन सॉन्डर्स नावाचे गृहस्थ होते. व्यवसाय विम्याचा, नाद कीटकांचा. त्यांनी या अळीच्या इवल्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन लिहिले. आजही तिच्या लॅटिन नावापुढे सॉन्डर्स यांचे नाव लावतात.

मी कविता लिहिणारा माणूस. शेतकी कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. पण कापसावरच्या संशोधनाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा एका गोष्टीने मला धरून ठेवले. या अळीवरचा सर्वांत भरवशाचा इलाज शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपूर्वीच सापडला होता. तो इलाज म्हणजे एक तारीख. कपाशी शेतातून कधी उपटायची, ती तारीख. पुढे औषधे आली, संकरित वाण आले, जनुके आली, आणि प्रत्येक वेळी आपल्याला वाटले, की आता त्या तारखेची गरज उरली नाही. प्रत्येक वेळी अळीने ती आठवण करून दिली.

हे समजण्यासाठी अळीचे पंचांग पाहावे लागेल. पतंगाची मादी फुलांवर, पात्यांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी फुलात शिरली, की पाकळ्या रेशमासारख्या धाग्यांनी आतून बांधून टाकते. फूल उमलतच नाही. आपल्याकडचे शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. बोंडात शिरली तर तिच्या मागे ते बारीक भोक बुजून जाते. मग बाहेरून कितीही फवारा, आतल्या अळीला त्याचा पत्ता नसतो. थंडी पडू लागली, की हंगामाच्या अखेरच्या अळ्या झोपी जातात. कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत, कधी झाडावर राहिलेल्या वाळक्या बोंडात, कधी जिनिंगच्या आवारात पडलेल्या सरकीत. तिथे त्या पुढच्या हंगामाची वाट पाहतात.

आता तिचे दुबळे अंग कोणते? हिरवी बोंडअळी हरभरा खाते, तूर खाते, टमाटे खाते. तिला कपाशी मिळाली नाही तरी तिचे अडत नाही. गुलाबी अळीचा संसार मात्र जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर चालतो. म्हणजे वर्षातले काही महिने शिवारात कपाशीचे झाडच नसेल, पऱ्हाटी वेळेवर उपटलेली असेल, वाळकी बोंडे राहिलेली नसतील, तर झोपेतून उठलेल्या पतंगाला अंडी घालायला जागाच राहत नाही. त्याची साखळी तिथेच तुटते.

ही गोष्ट जगाला महागात पडून कळली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थानातून गेलेल्या कापसाबरोबर ही अळी इजिप्तला पोचली. इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ च्या सुमारास ती मेक्सिकोत गेली आणि मेक्सिकोची सरकी तेलाच्या गिरणीसाठी टेक्सासला आली, तेव्हा १९१७ मध्ये ती तिथेही सापडली. झोपलेल्या अळीने सरकीच्या पोत्यात बसून निम्मी पृथ्वी पालथी घातली. मग इजिप्तमध्ये सरकी तापवून आतली अळी मारण्याची सक्ती आली, उरलेली बोंडे नष्ट करण्याचे हुकूम निघाले. टेक्सासमध्ये ठराविक तारखेपर्यंत पऱ्हाटी नांगरून टाकण्याचे नियम झाले.

आपल्या देशातही तेव्हा कोणी झोपलेले नव्हते. मद्रास प्रांताने १९१९ मध्ये शेतीच्या किडी आणि रोगांविषयी कायदा केला. त्या कायद्याखाली कोइमतूरकडच्या भागात कंबोडिया जातीचा कापूस ठरलेल्या मुदतीत उपटण्याची सक्ती झाली. १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली. तिच्या पैशातून मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये धाग्याची पारख करणारी प्रयोगशाळा उभी राहिली आणि त्याच साली इंदूरला वनस्पती-संशोधनाची संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते.

हॉवर्ड यांचे नाव आज सेंद्रिय शेतीवाले आदराने घेतात. त्यांच्यासोबत यशवंत वाड हे रसायनज्ञ होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. कंपोस्ट खताच्या 'इंदूर पद्धती'वरचे १९३१ चे पुस्तक या दोघांच्या नावावर आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या ओळखीचा होता. कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या इतक्या कठीण, की त्या कुजतच नाहीत. या मंडळींनी त्या काड्या शेतावरच्या रस्त्यांवर पसरून दिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या पायांखाली काड्यांचा चुरा झाला. तो चुरा गुरांच्या खाली अंथरायचा, शेण-मूत मुरू द्यायचे आणि मग खताच्या ढिगात घालायचा. पऱ्हाटी शेतातून निघाली, तिचे खत झाले आणि ते पुन्हा शेतात गेले. 'शाश्वत शेती' हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी ती गोष्ट इंदूरच्या रस्त्यावर बैलगाडीखाली चालली होती.

त्या काळचा कापूस तरी कोणता? स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातल्या कपाशीच्या क्षेत्रापैकी सुमारे ९७ टक्के क्षेत्र देशी जातींचे होते. आमच्या मोहल्ल्यात पिंजाऱ्यांची घरे होती. थंडी सुरू झाली, की त्यांच्या धनुकलीचा आवाज सकाळपासून कानावर यायचा. पिंजारीचाचा चिमूटभर कापूस बोटांत दाबून, सोडून बघत आणि सांगत, "हा देशी, गादीत फुलून राहील. हा अमेरिकन, दोन पावसाळ्यांत बसेल." देशी धागा आखूड आणि जाडा असतो. गादीला तो उत्तम, पण गिरणीच्या बारीक सुताला अपुरा. मात्र देशी कपाशीची मुळे खोल जातात, पावसाने दडी मारली तरी ती तग धरते आणि तुडतुडे, फुलकिडे यांना सहज हार जात नाही. तिचे शत्रू वेगळे होते. मर रोगाने उभी झाडे सुकून जात आणि दहिया पानांवर दह्यासारखी पांढरी बुरशी पसरवी. त्यावरही काम झाले. खानदेशातून पुढे आलेला 'जरीला' हा देशी वाण मर रोगाला तोंड देणारा म्हणून स्वातंत्र्यापूर्वीच गाजला होता.

फाळणीने चित्र बदलले. सिंध आणि पश्चिम पंजाबचा लांब धाग्याचा बागायती कापूस पाकिस्तानात गेला, गिरण्या आपल्याकडे राहिल्या. लांब धागा देशातच पिकवणे ही गरज झाली. १९७० मध्ये सुरत केंद्रावर सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस दिला. १९७२ मध्ये धारवाडहून 'वरलक्ष्मी' आली. १९७६ मध्ये नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था सुरू झाली. पुढे नांदेडच्या केंद्राचा '४४' हा वाण कोरडवाहू महाराष्ट्रात घरोघरी पोचला. या माणसांनी देशाला कापसाच्या आयातीतून सोडवले, हे विसरून चालणार नाही. पण संकरित कपाशीबरोबर दोन गोष्टी आल्या. एक, बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागू लागले. दुसरी, झाड जास्त दिवस शेतात उभे राहू लागले. खत-पाणी मिळाले, की ते फुटत राहते आणि बोंडे धरत राहते. अळीच्या पंचांगात आपणच आपल्या हाताने दोन-तीन महिने वाढवून दिले.

वाढलेल्या महिन्यांत वाढलेल्या किडी आल्या आणि किडींवर औषधे आली. १९८० च्या आसपास सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके बाजारात आली, तेव्हा ती जादूच वाटली. थोडेसे औषध आणि अळीचा सडा. मग शेतकरी तेच औषध पुन्हापुन्हा मारू लागले. अळ्यांमध्ये एखादीच अशी असते, की तिला ते औषध बाधत नाही. बाकीच्या मेल्या, की रान तिच्या लेकरांना मोकळे मिळते. शिवाय अळीला खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हेही फवाऱ्याखाली मरतात. आंध्रात आधी पांढऱ्या माशीने थैमान घातले आणि १९८७ मध्ये गुंटूर-प्रकाशम भागात हिरव्या बोंडअळीने कपाशी साफ केली. औषध मारूनही अळी मरत नव्हती. कर्जात बुडालेल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांच्या बातम्या तेव्हापासून येऊ लागल्या. नव्वदच्या दशकात देशाच्या एकूण पेरणीपैकी सुमारे पाच टक्के क्षेत्र कपाशीचे होते, पण देशातल्या कीटकनाशकांपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या कपाशीवर पडत होती.

संशोधकांनी याच काळात दुसरी वाटही दाखवली होती. नांदेड जिल्ह्यातल्या आष्टा गावात १९९८ पासून एकात्मिक कीड नियंत्रणाचा प्रयोग गावपातळीवर झाला. निंबोळी अर्क, अळीची अंडी नासवणारी ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या जातकुळीतली अतिसूक्ष्म माशी, हिरव्या अळीला रोग लावणारा विषाणू, आणि मोजून पाहिल्याशिवाय फवारा नाही, अशी ती शिस्त. त्यात महत्त्वाचा शब्द 'गावपातळीवर' हा आहे. पतंगाला बांध कळत नाही. एकाने पाळले आणि शेजाऱ्याने सोडले, तर दोघांचेही जाते.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना परवानगी दिली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातलेले. पान-बोंड खाताच अळीच्या आतड्यात विष तयार. याचा फायदा झाला, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिरव्या अळीचा धाक गेला आणि सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळीवरचे फवारे पुष्कळ कमी झाले. २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले. दहा-बारा वर्षांत देशातली नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली.

पण बियाण्याच्या पिशवीत एक छोटी पुडीही असायची. ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे विष न खाल्लेले पतंग तिथे वाढतील, विष पचवणाऱ्या पतंगांशी त्यांचा जोड लागेल आणि अळीची पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडेल. शास्त्र सोपे होते. पण पाच एकरवाल्याने अळीला खायला घालण्यासाठी म्हणून कपाशी पेरायची, हे त्याला कोणी नीट समजावून दिले नाही आणि त्याच्या खिशालाही परवडले नाही. बहुतेक पुड्या पेरल्याच गेल्या नाहीत. दुसरीकडे लांब मुदतीचे संकरित वाण जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत शेतात उभेच. हंगामाच्या शेवटी झाडातले विष उतरत जाते आणि नेमक्या त्याच वेळी गुलाबी अळी येते. अळीला थोडे थोडे विष पचवायची तालीम देण्याची याहून चांगली व्यवस्था करता आली नसती.

२००९-१० मध्ये गुजरातेत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देईनाशी झाल्याचे सिद्ध झाले. २०१४-१५ पर्यंत दुसरे जनुकही तिथे निष्प्रभ ठरू लागले. २०१७ मध्ये ती महाराष्ट्रात उसळली. सॉन्डर्स यांच्या दप्तरातली अळी पुन्हा दारात उभी होती.

याच अळीचे अमेरिकेत काय झाले? ॲरिझोनातही १९९६ पासून बीटी कापूस होता. तिथे साध्या कपाशीचे पट्टे कसोशीने राखले गेले. २००६ पासून प्रयोगशाळेत वाढवलेले अब्जावधी नपुंसक पतंग विमानांतून शेतांवर सोडले, पिकाच्या तारखा पाळल्या, सापळे मोजले. शेतकऱ्यांच्या संघटना, विद्यापीठे आणि सरकार एकत्र राबले. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस-पट्ट्यातून गुलाबी अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. जनुक तेच, अळीही तीच.

यावरून आपल्या शेतकऱ्याला बोल लावणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. मुख्य वेचण्या झाल्यावर कपाशीला पुन्हा पाणी-खत देऊन जो कापूस घेतात, त्याला फरदड म्हणतात. संशोधन संस्था, विद्यापीठ आणि कृषी खाते दरवर्षी सांगतात, फरदड घेऊ नका. पण पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस बी-बियाणे आणि मजुरीच्या उधारीत जातो. घरात उरतो तो शेवटच्या वेचणीचा पैसा. मुलीचे लग्न, मुलाची फी, दवाखाना त्याच्यावर. शास्त्राची तारीख डिसेंबरची, संसाराची तारीख मार्चची. या दोन तारखांच्या मधल्या फटीत अळी राहते.

त्या फटीत माणसेही मरतात. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. कपाशी डोक्यापर्यंत वाढलेली, हवा कोंदट, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडावर साधा रुमाल. फवारणाऱ्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीने पंप पाठीला लावणारे कितीतरी होते. कपाशी त्यांची नव्हती, नफा त्यांचा नव्हता. संशोधनाच्या इतिहासात वाणांची नावे असतात, शास्त्रज्ञांची असतात. या माणसांसाठीही एक पान ठेवावे लागेल.

आता पुढे काय? नागपूरच्या संस्थेने २०१० नंतर विदर्भात 'सूरज'सारख्या सरळ वाणांची दाट लागवड करून पाहिली. झाड बुटके, ओळी जवळजवळ, बोंडे थोडी पण एकदम फुटणारी. पीक पाच महिन्यांच्या आत हातात. जमीन हलकी, पाऊस लहरी, अशा ठिकाणी ही रीत विशेष कामाची. २०२३ नंतर केंद्र सरकारनेही दाट लागवडीचा प्रकल्प हाती घेतला. कामगंध सापळे जिनिंगच्या आवारातही लावायचे, डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या, मादीच्या गंधाने नराला चकवून त्यांचे मीलनच होऊ द्यायचे नाही, असे उपाय आता हाताशी आहेत. नवे जनुकही कदाचित येईल. ते आले, तरी पऱ्हाटी वेळेवर निघाली नाही, तर तेही आधीच्या दोघांच्या वाटेने जाईल.

मला विचाराल तर हा प्रश्न प्रयोगशाळेने सोडवून झाला आहे. तो आता बाजाराच्या आणि सरकारच्या दारात पडलेला आहे. एखाद्या गावाने ठरवून डिसेंबरअखेर सगळी कपाशी उपटली, तर त्यातून शेजारच्या दहा गावांचा फायदा होतो, गिरण्यांना स्वच्छ कापूस मिळतो, पुढच्या वर्षीचे फवारे वाचतात. आणि त्या गावच्या शेतकऱ्याची फरदड मात्र बुडते. त्या बुडीत वेचणीचे पैसे त्याला कोण देणार? पऱ्हाटीचा चुरा करणारे यंत्र गावात कोण आणणार? त्या चुऱ्याचे खत किंवा इंधन म्हणून मोल कोण ठरवणार? मद्रासच्या १९१९ च्या कायद्यात उपटण्याची सक्ती होती. शंभर वर्षांनंतर सक्तीच्या जोडीला भरपाईचा आकडा लिहिला गेला, तर शेतकरी ती तारीख पाळेल. त्याला अळी आपल्यापेक्षा जवळून माहीत आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)